केतकीच्या नावाच्या साठ भाकरी

चहा ठेवलाय, तो उकळेपर्यंत सांगते. माझ्या हातून आयुष्यात घोटाळे लय झाले, पण अख्ख्या गावाला सोबत घेऊन केलेला असा हा एकच. आणि आधीच सांगून टाकते, ज्या पोरीची ही गोष्ट आहे ती ठणठणीत आहे. आत्ता या घडीलाही कुठल्यातरी पाण्यावर होडी पळवत असेल. त्यामुळं मधेच कुणी डोळ्याला पदर लावू नका. मी लावला होता, तेवढा पुरे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचं गाव जिंतूर तालुक्यात, धरणाच्या पाण्याला लागून. होडी म्हणजे आमच्याकडं मासे धरणाऱ्यांची, तीही कुठं गळती तर कुठं ठिगळ. तर दिवाळी झाल्यावर खबर आली की धरणावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती होणार, चांगल्या आठवडाभर. मुंबईकडची, कोकणातली पोरंपोरी येणार. मासे उतरवायचा आमचा जुना धक्का होता, त्यालाच त्यांनी रंगीत झेंडे लावले, टायर बांधले आणि त्याचं बंदर करून टाकलं. परभणी जिल्ह्यात बंदर! आमच्या मालकांनी तर ताडकळसच्या पाहुण्यांना मुद्दाम फोन लावला. "आता आमच्याकडं बंदर झालंय, या एकदा बघायला," असं सांगताना त्यांची छाती फुगलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

आमच्या बचत गटाकडं चहा-नाश्ता होता. आणि केतकी नावाची एक पोरगी माझ्या घरी उतरली होती. अलिबागकडची, एकोणीस वर्षांची, काडीसारखी. एकटी होडी चालवायची. वाऱ्यात ती होडी अशी कलंडायची की मी काठावरून ओरडायची, आणि ही मागं रेलून हसायची. दुसऱ्याच दिवशी ती शर्यतीत पहिली आली आणि घरी येऊन शिंकायला लागली. नजर लागायला आणखी काय हवं? मी तिच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला. तिनंही बिचारीनं मुकाट बांधून घेतला.

तिच्या आईचा रोज संध्याकाळी मला फोन यायचा. "काकू, धडपडी आहे हो ती. लक्ष असू द्या." मी रोज सांगायची, "ताई, बिलकुल फिकीर करू नका. ती माझ्या जबाबदारीवर हाय." हे वाक्य मी लय तोऱ्यात बोलायची. त्या वाक्यानंच पुढं माझा घात केला.

आता माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. गावात बारशाला कुणीही चालतं, पण मयतीला मीच लागते. स्वतःची फुशारकी म्हणून सांगत नाही. माणूस गेलेल्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी करून न्यायची आणि त्या घरच्यांना चार घास बळंच खाऊ घालायचे, ही आपल्याकडची रीत. कुणाच्या घरून किती भाकरी, पिठलं कुणी करायचं, रडून रडून बेजार झालेल्याला पाणी कुणी पाजायचं, हे सगळं मी ठरवते. बायका मला विचारल्याशिवाय पीठ मळत नाहीत. वीस वर्षं हे काम करतेय आणि एकदाही चूक झाली नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत.

शेवटच्या दिवशी दुपारीच शर्यती संपल्या. संध्याकाळी समारोप होता. सरपंचांनी मंडप घातलेला, लाउडस्पीकर बांधलेला, शाळेच्या पोरींचं लेझीम ठरलेलं. माझी धाकटी जाऊ प्रयाग दोन तास खपून रांगोळी काढत होती. चारच्या सुमाराला मी चहाच्या किटल्या आणायला एकटीच धक्क्यावर गेले.

उतारावरून खाली येतानाच मला कसंतरी झालं. रोज तिथं काय कालवा असायचा! आरडाओरड, शिट्ट्या, हसणं. त्या दिवशी चिटपाखरू बोलत नव्हतं. सगळ्या होड्यांची शिडं उतरवलेली. केतकीची लाल पट्ट्याची होडी गवतावर पालथी पडलेली. वीस-बावीस पोरंपोरी धक्क्यावर बसलेली, कुणी पाण्यात पाय सोडून, कुणी गुडघ्यात डोकं घालून. आठवडाभर वर फडफडणारा झेंडा काठीच्या निम्म्यावर येऊन थांबलेला. झेंडा निम्म्यावर असला की काय समजायचं, हे मी शाळेत शिकलेली.

त्यांचे एक मोठे सर होते. आरमारातून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे, आम्ही सगळे त्यांना कप्तान साहेब म्हणायचो. ते टोपी काढून, कपाळाला हात लावून बसले होते. कधी खाली न बसणारा माणूस तो.

मी जवळच्या पोराला विचारलं, "काय झालं रे? केतकी कुठं हाय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, काहीच बोलला नाही, नुसतं धक्क्याच्या टोकाकडं बोट केलं.

मी तिकडं पाहिलं. टोकाला, सावलीत, पांढऱ्या कापडाखाली कुणीतरी आडवं होतं. डोक्यापासून झाकलेलं. शेजारी ओलं नारिंगी जाकीट आणि चपला. कापडाबाहेर दोन पाय आलेले, पांढरेफटक, पाण्यानं सुरकुतलेले. आणि डाव्या पायात मी बांधलेला काळा दोरा.

माझ्या तोंडून "अगं माय माझे" एवढं निघालं. तेवढ्यात कप्तान साहेबांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि लांबूनच हात जोडले. बास. आणखी काय सांगायचं राहिलं होतं? तो एवढा मोठा माणूस हात जोडतोय, त्याला बोलवतसुद्धा नाही, हे मला दिसत होतं. मीही मग हात जोडले.

तुम्ही म्हणाल, कापड बाजूला करून बघायचं की. अहो, कसं बघू? घरचं माणूस आल्याशिवाय तोंडावरचं कापड परक्यानं सारायचं नाही, हे मीच गावाला शिकवलेलं. तिचं घरचं माणूस येणार अलिबागहून. तोवर मीच तिची. मी किटल्या तशाच टाकल्या आणि चढ चढून गावात आले. चढताना नुसती तिची आई डोळ्यांपुढं येत होती. माझ्या जबाबदारीवर हाय, माझ्या जबाबदारीवर हाय, असं सात दिवस सांगितलेलं.

मालक ओसरीवर हरभऱ्याचं बियाणं निवडत होते. मी सांगितलं तसं त्यांच्या हातातलं सूप तिथंच राहिलं.

"तू डोळ्यानं बघितलंस?"

"बघितलं."

"तोंड बघितलंस?"

"तोंड कसं बघू? घरचं कुनी आल्याबिगर कापड काढतेत का?"

"ते बी खरंच," मालक म्हणाले. बघा, माणूस इतका हुशार, पण रीत म्हटली की त्यांचंही डोकं तिथंच अडतं. "पर पोरगी परगावची. तिचे लोक तिला तिकडंच नेतेत. आन् पोलीस-बिलीस?"

"ते कप्तान सायेब बघून घेतील. तुमी टाकोटाक ट्रॅक्टर काढा. बांधावरचे दोन बांबू तोडा, कोरं कापड घ्या, मडकं घ्या. लागलं तर लागलं. येनवेळी धावाधाव नको."

मालकांनी चप्पल घातली. त्यांचेही डोळे भरलेले. केतकी रोज सकाळी त्यांच्यासोबत गोठ्यात जाऊन म्हशीला चारा टाकायची, आणि टाकताना म्हशीला गुड मॉर्निंग म्हणायची.

मग मी कामाला लागले. अकरा बायका गोळा केल्या. घरटी पाच-सहा भाकरी, ज्वारीच्या, पातळ थापलेल्या. पिठलं माझ्याकडं, कमी तिखटाचं, कांदा नाही, फोडणीला फार चरचर नाही. अशा वेळचं पिठलं तसंच करायचं असतं. प्रयागला म्हटलं, रांगोळी पूस. ती म्हणाली, "आक्का, दोन तास लागले वं मला," आणि रडत रडतच तिनं ती रांगोळी पायानं पुसली. सरपंचांना म्हटलं, लाउडस्पीकर उतरवा. त्यांनी उतरवला. लेझीमच्या पोरी नटून आल्या होत्या, त्यांना घरी पाठवलं. सरपंचांनी विचारलं, "काकू, जिंतूरला कळवावं का?" मी म्हटलं, "आदी तिच्या आईला कळू द्या. तिचा हक पहिला."

आणि त्याच क्षणी फोन वाजला. तिच्या आईचा.

मी उचलला. न उचलून कुठं जाणार होते?

"काकू, केतकीचा फोन बंद लागतोय. शर्यत झाली ना? कुठं आहे ती?"

माझ्या हाताला पीठ, समोर तव्यावर भाकरी. एका आईला असं फोनवर सांगायचं? तिच्याजवळ कुणी आहे की नाही तेही ठाऊक नाही. माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, "इथंच हाय, ताई. झोपलीय."

"अगं बाई, झोपली का? दमली असेल. झोपू दे झोपू दे. उठली की लावायला सांगा."

मी फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून अशी रडले की प्रयागला माझी भाकरी उलटावी लागली. मनात म्हटलं, पिठलं-भाकरी पोचली की कप्तान साहेबांना शेजारी बसवायचं आणि मीच फोन लावायचा. हे दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही.

तासाभरात आम्ही निघालो. अकरा बायका, डोक्यावर पदर, हातात फडक्यानं झाकलेल्या टोपल्या, एका रांगेत. मागं सरपंच आणि गावातली पाच-सहा माणसं, मान खाली घालून. कुणी शब्द बोलत नव्हतं. धक्क्यावर पोचलो तर तिथंही सगळं तसंच. पोरं बसलेली, पांढरं कापड तसंच. प्रयागनं ते पाय पाहिले आणि माझा दंड घट्ट धरला.

कप्तान साहेबांनी आम्हाला पाहिलं, उभे राहिले, मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग खिशातून शिट्टी काढली आणि फुर्र करून वाजवली.

आणि ती सगळी पोरं एकदम ओरडली. साधं नाही, बेंबीच्या देठापासून. दोघांनी तर कपड्यांसकट पाण्यात उड्या मारल्या. आमच्यातल्या तीन बायका मागच्या मागं पळाल्या, त्यातल्या एकीच्या टोपलीतल्या भाकरी उतारावरून गडगडत गेल्या.

"जेवण आलं!" एका पोरानं फडकं उचललं. "सर, भाकरी! गरम आहेत!"

अन् तुटून पडली की सगळी. भाकरीवर पिठलं, घास तोंडात, पुन्हा भाकरी. एक जण मला विचारतो, "काकू, ठेचा नाही का?" मी त्याच्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं मी माणसांना चार घास खा म्हणून हातापाया पडलेली. मागून वाढून घेणारं दुखवट्याचं घर मी पहिल्यांदाच बघत होते.

प्रयाग माझ्या कानाशी लागली. "आक्का, काय मानसं हायेत वं ही. शेजारी पोरगी पडलीय आन् ठेचा मागायलेत."

मी कप्तान साहेबांना काही कडक बोलणार, तेवढ्यात ते कापड हललं. पिठल्याचा वास गेला असेल. आधी पाय आत गेले. मग कापडाखालून एक हात आला, कापड खाली सरकलं आणि केतकी उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर दोरीचा वळ, डोळे अर्धे मिटलेले.

"काकू," ती जांभई देत म्हणाली, "मला दोन ठेवा हं."

प्रयाग सोडून उरलेल्या बायका त्या वेळी पळाल्या, नंतर एकेक करून परत आल्या. सरपंचही चार पावलं मागं सरकले, ते नंतर नाही म्हणतात, पण मी पाहिलंय. मी मात्र पुढं धावले. आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात. मग तिला मिठी मारली आणि सोडेचना. अंग गरम होतं हो तिचं. छाती धडधडत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच धक्क्यावर, ओल्यात, मांडी घालून बसले. किती दिवसांचं ओझं उतरलं म्हणावं तर दीडच तासाचं होतं, पण मी ते जन्मभर वाहिल्यासारखी थकले होते.

"काय झालं काकू? रडताय का?"

"कांदा चिरला," मी म्हटलं. पिठल्यात कांदा नव्हता.

मग कप्तान साहेबांनी सांगितलं. त्यांची रीत होती म्हणे. आठवडाभर पाण्यावर ओरडून, भांडून, वाऱ्याशी झगडून झालं की शेवटच्या दिवशी होड्या धुऊन वाळायला पालथ्या घालायच्या आणि दीड तास कुणी एक शब्द बोलायचा नाही. फोन बंद. ज्याला पाणी बघायचं त्यानं बघावं, ज्याला झोपायचं त्यानं झोपावं. मी शिरले तेव्हा त्यांचं मौन नुकतं सुरू झालेलं. झेंडा निम्म्यावर होता कारण त्याची दोरी अडकली होती. केतकीच्या अंगावरचं कापड तिचंच वाळलेलं शीड होतं, माशा बसू नयेत म्हणून तोंडावर घेतलेलं.

"पण तुम्ही कमाल केलीत, काकू," कप्तान साहेब म्हणाले. "आम्ही इतक्या बंदरांत गेलो, सगळीकडं शेवटी डीजे लावतात. तुम्ही आमचं मौन पाळलंत. लाउडस्पीकर उतरवलात, रांगेत, न बोलता आलात. आणि हे साधं जेवण. तुम्हाला कसं कळलं?"

मी प्रयागकडं पाहिलं. प्रयागनं पदर तोंडात कोंबला. सरपंच हुशार माणूस. लगेच म्हणाले, "आमच्या काकूला न सांगता बी सगळं कळतंय." समारोपाची शाल त्यांच्याजवळ होतीच. साहेबांनी ती मागून घेतली आणि माझ्या खांद्यावर घातली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल सावरून बसले. मनात म्हटलं, वाचलो. झाकली मूठ.

आणि वर रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला.

मालक उतरले. खांद्यावर दोन ओले बांबू, काखेत पांढऱ्या कापडाचा गठ्ठा, हातात मडकं. मान खाली घालून, एक एक पाऊल टाकत धक्क्यावर आले आणि मान वर केली तर समोर केतकी. तोंडात भाकरीचा घास.

"काका, या जेवायला," ती म्हणाली.

मालकांच्या हातातलं मडकं सुटलं आणि फुटलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "मंडपाचं सामान हाय, साहेब. समारोपाच्या मंडपाचं."

पण कप्तान साहेब मूळचे सोलापूरकडचे. त्यांनी बांबू पाहिले. कापड पाहिलं. फुटलेलं मडकं पाहिलं. हातातल्या पिठलं-भाकरीकडं पाहिलं. मग केतकीच्या मांडीवरच्या पांढऱ्या शिडाकडं पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं चिडले. पण त्यांनी ताट खाली ठेवलं, एका खांबाला धरलं आणि असे हसले, असे हसले की दोन पोरांनी त्यांना धरून बसवलं.

मग सगळं सांगावंच लागलं. केतकीनं सगळं ऐकलं. भाकरी खायची काही थांबली नाही.

"म्हणजे हे माझ्या नावाचं जेवण आहे?"

"आता काय सांगू तुला, लेकरा."

"मग तेराव्याला काय करणार होता?"

"गप्प बस," मी म्हटलं. मालक मागून हळूच म्हणाले, "बुंदी."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तिची आई. केतकीनं माझ्या हातातून घेतला आणि मोठ्या आवाजावर टाकून बांबूपासून बुंदीपर्यंत सगळं आईला सांगून टाकलं. मला तर वाटत होतं, हे पाणी आहे ना समोर, त्यात उतरावं. सगळं ऐकून ती माउली म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्या पोरीसाठी एवढं केलंत, मला भरून आलं हो. पण एक विचारू का?"

"विचारा की, ताई."

"तुम्ही तिला एकदा हाक मारून का नाही बघितली?"

त्या धक्क्यावर आम्ही गावची दहा-पंधरा शहाणी माणसं उभी होतो. मी सरपंचांकडं पाहिलं, सरपंचांनी प्रयागकडं, प्रयागनं मालकांकडं. मालक बांबूंकडं बघत होते. साठ भाकरी थापल्या, रांगोळी पुसली, ट्रॅक्टर पळवला, आणि हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

घ्या, चहा घ्या, निवतोय. एवढं हसू नका, मालक आत आडवे झालेत. तेव्हापासून ते दुपारी पडले की पांघरूण छातीपर्यंतच घेतात, माशा बसल्या तरी तोंड उघडं ठेवतात. आणि डोळे मिटायच्या आधी रोज मला बजावतात, "आदी हाक मार. मंग हलवून बघ. त्याच्यावर बी न्हाई उठलो, तर मंग थाप तुला किती भाकरी थापायच्या त्या."